विज्ञानकथेच्या जुन्या रेकॉर्ड, कॅसेट आणि डिस्क : कोल्हापुरातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

यात नेमकं काय काय येतं?

अंतराळ, परग्रह, यंत्रमानव, कालप्रवास अशा विषयांवर जे जे आता बंद पडलेल्या माध्यमांवर निघालं, ते सगळं. सिनेमाच्या संगीताच्या एलपी, म्हणजे बारा इंची मोठ्या रेकॉर्ड, गोष्ट सांगणाऱ्या रेकॉर्ड, पुस्तकासोबत येणाऱ्या सात इंची तबकड्या, व्हीएचएस आणि बेटामॅक्स कॅसेट, लेसरडिस्क, सुपर एट या घरगुती फिल्मची रिळं, व्हीसीडी. खेळणी, पोस्टर, स्टिकर जमवणं हा वेगळा नाद आहे. इथं फक्त यंत्रावर लावून जे ऐकायचं किंवा बघायचं, त्याबद्दलच बोलू.

आता सगळं मोबाइलवर मिळतं. मग ही अडगळ कशाला सांभाळायची?

सगळं मिळत नाही, म्हणून. १९७७ चा ‘स्टार वॉर्स’ घ्या. १९९७ साली त्याची ‘स्पेशल एडिशन’ आली, तेव्हा दिग्दर्शक जॉर्ज लुकास यांनी संगणकावर केलेली नवी दृश्यं त्यात घातली, काही प्रसंग बदलले, आणि पुढच्या आवृत्त्यांतही हात फिरवणं चालूच राहिलं. १९७७ साली लोकांनी थिएटरात जे पाहिलं, ते घरी बघायचं तर वर्षानुवर्षं जुनी कॅसेट नाहीतर लेसरडिस्क हाच मार्ग होता. २००६ साली मूळ सिनेमा डीव्हीडीवर जोडडिस्क म्हणून दिला गेला, तोसुद्धा १९९३ च्या लेसरडिस्कसाठी केलेल्या मास्टरवरून, म्हणजे प्रती काढायच्या मूळ प्रतीवरून. एवढ्या मोठ्या सिनेमाची ही गत, तर लहानसहान मालिकांचं काय झालं असेल!

‘डॉक्टर हू’ या ब्रिटिश मालिकेचं उदाहरण तर जिवाला लागणारं आहे. टेप महाग होती, जागा कमी होती, म्हणून बीबीसीनं साठ-सत्तरच्या दशकात जुने भाग पुसून त्याच टेपा पुन्हा वापरल्या. साठच्या दशकातले नव्वदहून जास्त भाग आजही चित्रासह उपलब्ध नाहीत. पण त्यांचा आवाज मात्र शाबूत आहे. तेव्हा काही प्रेक्षक टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून भाग ध्वनिमुद्रित करायचे. त्या घरगुती रिळांनी मालिकेचा आवाज वाचवला. २०१३ साली नायजेरियात नऊ हरवलेले भाग सापडले, तेही एका प्रक्षेपण केंद्रात पडून राहिलेल्या जुन्या प्रतींतून.

माझं म्हणणं एवढंच आहे, की कोणती वस्तू ‘अडगळ’ आणि कोणती ‘एकमेव प्रत’ हे त्या क्षणी कुणालाच कळत नाही. आणि वस्तू वाचवून भागत नाही, ती वाजवणारं यंत्रही चालू ठेवावं लागतं. खाली जागोजागी मी यंत्रांबद्दल एवढं बोललोय ते त्यामुळेच.

माझ्याकडे नुसत्या नकली, भाड्याच्या लायब्ररीतल्या कॅसेट आहेत. त्यांना काय किंमत?

बाजारात फारशी नाही, पण मी त्या फेकू देणार नाही. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर आणि रंगीत टीव्ही एका रात्रीसाठी भाड्यानं आणायचा, गल्लीतून वर्गणी काढायची आणि पहाटेपर्यंत तीन-तीन सिनेमे बघायचे, हे ज्यांनी केलंय त्यांना आठवत असेल. त्या कॅसेटवर पडद्याच्या खालच्या कडेनं जाहिरातीची पट्टी सरकत असायची. अशीच एक कॅसेट माझ्यासमोर आहे. सिनेमा अमेरिकी, अंतराळयानाची लढाई रंगात आलेली, आणि खालून हळूहळू सरकतेय साडीच्या दुकानाची जाहिरात. मग स्कूटर गॅरेजची, मग टीव्ही दुरुस्तीची. अक्षरं थोडी तिरकी, एका ठिकाणी काना राहून गेलेला. प्रतीवरून प्रत काढत आल्यानं लाल रंग पार पसरलाय. हा सिनेमा स्वच्छ रूपात जगभर मिळेल, पण ही पट्टी दुसरीकडे कुठंच मिळणार नाही. आपल्या माणसांनी अंतराळ पहिल्यांदा बघितलं ते अशा पट्टीसकट.

त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे कोऱ्या कॅसेटवर घरी रेकॉर्ड केलेलं दूरदर्शन. ‘स्पेस सिटी सिग्मा’, ‘इंद्रधनुष’, नंतर १९९८ चा ‘कॅप्टन व्योम’ यातलं काही कुणाच्या कपाटात असेल, तर मधल्या जाहिराती आणि निवेदिकेच्या घोषणा कापू नका. आहे तसं ठेवा.

रेकॉर्डवर सिनेमा? म्हणजे नुसती गाणी ना?

नाही, अख्खी गोष्ट. घरात व्हिडिओ यायच्या आधी आवडलेला सिनेमा पुन्हा अनुभवायचा तर पुन्हा तिकीट काढावं लागे, नाहीतर रेकॉर्ड आणावी लागे. म्हणून सिनेमातले संवाद, संगीत आणि आवाज एकत्र करून, मधे निवेदक घालून ‘गोष्टीची एलपी’ निघायची. १९७७ साली ‘द स्टोरी ऑफ स्टार वॉर्स’ अशीच निघाली. तिचे निवेदक होते रॉस्को ली ब्राउन.

मुलांसाठी त्याहून गोड प्रकार होता. १९७९ साली ब्युना व्हिस्टा रेकॉर्ड्सनं २४ पानांचं चित्रपुस्तक आणि सोबत सात इंची तबकडी काढली. मूल पुस्तक उघडून बसायचं, रेकॉर्ड गोष्ट सांगायची आणि आर-टू-डी-टू या यंत्रमानवाची शीळ वाजली की पान उलटायचं. त्याआधी सत्तरच्या दशकाच्या मध्यावर पॉवर रेकॉर्ड्सनं ‘स्टार ट्रेक’ आणि ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’च्या कॉमिकसोबत ४५ च्या, म्हणजे मिनिटाला ४५ फेऱ्यांच्या, रेकॉर्ड काढल्या होत्या.

प्रौढांसाठी सर्वांत गाजलेली म्हणजे जेफ वेन यांची १९७८ ची ‘द वॉर ऑफ द वर्ल्ड्स’. दोन एलपी, रिचर्ड बर्टन यांचं निवेदन आणि आत मोठ्या चित्रांची पुस्तिका. एच. जी. वेल्स यांच्या मंगळवासीयांच्या आक्रमणाची गोष्ट रॉक संगीतात बांधलेली. दिवा मालवून, पुस्तिका आधी चाळून, मग ती ऐकावी. मोबाइलवर ती तुकड्यातुकड्यांनी ऐकली तर बाजू उलटताना मिळणारी ती विश्रांती हरवते. जेफ वेन यांनी गोष्टीचे टप्पे बाजूंच्या हिशेबानंच पाडलेत.

या सगळ्याचा कोल्हापूरशी काय संबंध?

मला सर्वांत जास्त आवडणारा प्रश्न हाच.

मराठी विज्ञानकथेला ज्यांनी घराघरात नेलं ते जयंत नारळीकर जन्मानं कोल्हापूरचे, १९ जुलै १९३८ चे. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत त्यांनी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप या टोपणनावानं पाठवली आणि पहिलं बक्षीस मिळवलं. २०२५ च्या मे महिन्यात ते गेले.

दुसरा धागा यंत्रांचा. बाबूराव पेंटरांनी सिनेमाचा कॅमेरा याच गावात तयार केला, महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि १९२० साली ‘सैरंध्री’ पडद्यावर आणला. १९२९ साली प्रभात फिल्म कंपनी इथंच सुरू झाली. पण आज ‘सैरंध्री’ बघायचा म्हटलं तर बघता येत नाही. चित्रपटच उरलेला नाही. या गावानं माध्यम नष्ट होणं काय असतं ते शंभर वर्षांपूर्वीच भोगलंय.

आणि तिसरा धागा पृथ्वीच्या बाहेर गेलाय. १९७७ साली नासानं व्हॉयेजर यानं सोडली. दोन्हींवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवली आहे. तिच्यावर ५५ भाषांतले नमस्कार आहेत, त्यात मराठी आहे. संगीतात भारताकडून एकच ध्वनिमुद्रण आहे : केसरबाई केरकरांची भैरवी, ‘जात कहाँ हो’, साधारण साडेतीन मिनिटांची. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, आणि खाँसाहेब शाहू महाराजांच्या दरबारचे गवई. म्हणजे जयपूर-अत्रौली घराण्याची जी गायकी कोल्हापुरात रुजली आणि वाढली, तिचाच एक सूर आज सूर्यमालेच्या ग्रहांपलीकडे निघालाय. व्हॉयेजर १ चं उड्डाण ५ सप्टेंबर १९७७ ला झालं आणि ११ दिवसांनी, १६ सप्टेंबरला, केसरबाई गेल्या.

ती व्हॉयेजरची तबकडी आपल्याला मिळते का?

मूळ अर्थातच नाही. पण २०१७ साली ओझ्मा रेकॉर्ड्सनं तिच्यातलं ध्वनिमुद्रण एलपीच्या संचात काढलं. तो संच संग्राहकांत फिरत असतो आणि मिळाला तर सोडू नये.

मूळ तबकडीबद्दल थोडं सांगितल्याशिवाय राहवत नाही. ती १२ इंची आहे आणि मिनिटाला १६⅔ फेऱ्या या संथ गतीनं वाजवायची आहे. आपली एलपी ३३⅓ वर फिरते, त्याच्या निम्म्यानं. गती कमी ठेवली ती जास्त मजकूर मावावा म्हणून. सोबत सुई आणि कार्ट्रिज, म्हणजे सुई बसते तो भाग, पाठवलंय. झाकणावर वाजवायची रीत चित्रांनी कोरली आहे. एका फेरीला ३.६ सेकंद लागतात, हे परग्रहावरच्या कुणाला कळावं म्हणून वेळेचं माप हायड्रोजनच्या अणूवरून दिलंय. ११५ चित्रंही त्याच खाचांत आवाजाच्या रूपानं भरलीत. झाकणावर युरेनियम-२३८ चा थर आहे. त्याचा किती ऱ्हास झाला ते मोजून तबकडीचं वय काढता येईल. दुसऱ्याला रेकॉर्ड द्यायची तर सोबत सुई, गती आणि सूचना द्यायच्या, हे ती तबकडी तयार करणाऱ्या खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन यांच्या समितीनं पाळलं. आपण निदान कपाटात यंत्राची माहितीपुस्तिका तरी ठेवावी.

लेसरडिस्क, सीईडी, बेटामॅक्स, व्हीएचएस, व्हीसीडी यांत फरक काय?

बेटामॅक्स सोनीची, १९७५ ची. व्हीएचएस जेव्हीसीची, १९७६ ची. दोन्ही चुंबकीय फितीच्या कॅसेट, पण आकार वेगळा, एकीची दुसरीच्या यंत्रात जात नाही. बेटाच्या कॅसेट आकारानं लहान असतात. व्हीएचएस जिंकली, तरी फुनाई कंपनीनं २०१६ साली व्हीसीआर बनवणं थांबवलं आणि तिथं नव्या यंत्रांचा विषय संपला.

लेसरडिस्क एलपीएवढी, पण चांदीसारखी चकचकीत. १९७८ साली अमेरिकेत आली. ती लेसरनं वाचली जात असली तरी तिच्यावरचं चित्र डिजिटल नसतं. एका बाजूला साधारण तासभर मावतं, आणि चांगल्या दर्जाच्या, प्रत्येक चित्र थांबवून बघता येणाऱ्या प्रकारात फक्त अर्धा तास. ‘स्टार वॉर्स’ १२१ मिनिटांचा, डिस्कच्या दोन बाजू मिळून १२० मिनिटं. म्हणून सुरुवातीच्या एका आवृत्तीत सिनेमा किंचित वेगानं चालवून एकाच डिस्कवर बसवला होता.

सीईडी हा या सगळ्यांतला नवलाचा प्रकार. आरसीएनं १९८१ साली आणला. चित्र आहे, पण वाचते सुई! खाचांची तबकडी, वर सुई, आणि पडद्यावर सिनेमा. हात लागू नये म्हणून तबकडी प्लास्टिकच्या पेटीतच राहते. पेटी यंत्रात घालून काढली की तबकडी आत उरते. १९८४ साली यंत्रं बनणं थांबलं. आपल्याकडे ही जवळपास दिसतच नाही. कुणाच्या अमेरिकेतल्या काकांच्या सामानात मिळाली तर मला जरूर सांगा.

व्हीसीडी १९९३ ची. तिच्यावर डिजिटल चित्र आहे, पण बारकावा व्हीएचएसच्याच जवळपासचा, आणि एका डिस्कवर ७४ मिनिटं. म्हणून बहुतेक सिनेमे दोन डिस्कचे. तिच्यावर संग्राहक नाक मुरडतात ते मला पटत नाही. १९९४ साली ‘जुरासिक पार्क’ हिंदीत आला आणि चालला, त्यानंतर परदेशी विज्ञानपट हिंदीत बोलू लागले. त्या जुन्या हिंदी आवाजांचा शोध घ्यायचा तर या स्वस्त व्हीसीडीच चाळाव्या लागतात.

अमेरिकेतून आणलेली कॅसेट लावली तर चित्र काळंपांढरं आणि हलतं येतं. कॅसेट खराब आहे का?

बहुतेक नाही. अमेरिका आणि जपानचं चित्र एनटीएससी पद्धतीचं, ५२५ ओळींचं. आपलं पाल पद्धतीचं, ६२५ ओळींचं. यंत्र आणि टीव्ही दोन्हींना एनटीएससी कळायला हवं. ‘मल्टिसिस्टिम’ असं लिहिलेला व्हीसीआर शोधा.

उलट बाजूनंही एक गोष्ट ध्यानात ठेवा. सिनेमा सेकंदाला २४ चित्रांचा, पाल २५ चा. म्हणून पाल कॅसेटवर सिनेमा चार टक्के वेगानं चालतो. १२१ मिनिटांचा सिनेमा ११६ मिनिटांत संपतो आणि संगीताचा सूर चढतो, अर्ध्या स्वराच्या आतच, पण तयार कानाला कळेल इतका. एलपीवरचं संगीत ऐकून मग कॅसेट लावलीत तर हा फरक जाणवतो.

परदेशातून आणलेला टर्नटेबल हळू फिरतोय. ट्रान्सफॉर्मर लावूनही तसंच. काय करावं?

हा प्रश्न कोल्हापुरात सुटतो, आणि झकास सुटतो.

ट्रान्सफॉर्मर २३० व्होल्टचे ११० करतो, पण विजेची फ्रिक्वेन्सी बदलत नाही. अमेरिकेत ती ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. जुन्या बेल्टवाल्या टर्नटेबलमध्ये सिंक्रोनस मोटर असते. तिची गती फ्रिक्वेन्सीवर ठरते. म्हणजे ती इथं पाच-षष्ठांश गतीनं फिरणार आणि ३३⅓ ची रेकॉर्ड पावणेअठ्ठावीसच्या आसपास वाजणार. आवाज जड, लांबलेला. उपाय एकच : मोटरवरची पुली सहा-पंचमांश मोठी करायची. जुनी १० मिलिमीटर असेल तर नवी १२.

जुनी पुली काढून शिवाजी उद्यमनगरात, म्हणजे गावातल्या कारखान्यांच्या वसाहतीत, न्या. जे हात रोज पंपाचे आणि इंजिनाचे भाग घासतात त्यांना हे काम अवघड नाही, फक्त लहान आहे. चांगला टर्नर, म्हणजे लेथवर काम करणारा कारागीर, आधी पुली बोटांत फिरवून बघतो, मग मोजायला व्हर्निअर लावतो. त्याला तीन गोष्टी नीट सांगा. एक, मधलं भोक मोटरच्या दांड्याला घट्ट बसलं पाहिजे आणि बाहेरच्या गोलाईशी तंतोतंत एककेंद्री हवं. जरा जरी इकडेतिकडे झालं तर प्रत्येक सूर हेलकावे खातो. दोन, जिथं बेल्ट बसतो तिथं मधोमध अगदी किंचित फुगवटा ठेवायचा, त्यानं बेल्ट मधे राहतो, घसरत नाही. सपाट पुली केली तर बेल्ट निसटतो. तीन, ३३ आणि ४५ साठी दोन पायऱ्या असतील तर दोन्ही त्याच प्रमाणात वाढवायच्या. पितळेचा राऊंड बार घ्या, ॲल्युमिनियमपेक्षा काम स्वच्छ येतं.

बेल्टच्या जाडीचाही हिशेबात थोडा वाटा असतो, म्हणून पुली आधी एक केसभर मोठी ठेवून मग घासून आणावी. तपासायला स्ट्रोब चकती लागते. ५० हर्ट्झच्या विजेवर ३३⅓ साठी तिच्यावर १८० रेघा असतात. अमेरिकी चकतीवर २१६ असतात, ती इथं चालणार नाही. चकती फिरताना साध्या पिवळ्या बल्बच्या किंवा निऑन दिव्याच्या उजेडात बघा. रेघा जागच्या जागी थांबल्या की गती बरोबर. रेघा पुढे सरकत असतील तर वेग जास्त, मागे असतील तर कमी. एलईडीच्या उजेडात हे नेहमी नीट दिसत नाही.

जुन्या बाजारात रेकॉर्ड किंवा कॅसेट घेताना काय बघायचं?

रेकॉर्ड तिरकी धरून उजेडात बघा. नखाला लागणारा ओरखडा वाजताना ऐकू येणारच. मधल्या भोकाभोवती कागदावर बारीक रेषांचं जाळं असेल तर ती खूप वेळा लावलेली आहे. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्ट्यात कोरलेला क्रमांक लिहून घ्या. ती रेकॉर्ड कोणत्या छपाईची आहे ते त्यावरून ठरतं. पुस्तकवाल्या संचात पुस्तक आहे ना, पानं पूर्ण आहेत ना, ते मोजा. निम्मी किंमत त्यात असते.

कॅसेटचं झाकण उचलून फीत बघा. तिच्या कडा पांढुरक्या किंवा मळकट दिसल्या तर ती बुरशी. लेसरडिस्कवर विटक्या रंगाचे डाग किंवा चित्रात ठिपक्यांचा पाऊस दिसला तर आतला ॲल्युमिनियमचा थर सडतोय, त्याला उपाय नाही.

हिंदी-मराठीत या विषयावरचं काही जमवण्यासारखं आहे का?

आहे, आणि परदेशी मालापेक्षा आधी हेच शोधा असं मी सांगेन. माणूस चंद्रावर उतरायच्या दोन वर्षं आधी, १९६७ साली, दारासिंग ‘चाँद पर चढाई’त चंद्रावर जाऊन आले होते, संगीत उषा खन्ना यांचं. त्याच वर्षीच्या ‘वहाँ के लोग’ला संगीत सी. रामचंद्र यांचं, म्हणजे आपल्या अण्णांचं. या सिनेमांची गाणी मिळाली की सोबतचं कव्हर, वेष्टन, सिनेमाची गाण्यांची पुस्तिका असं जे मिळेल ते घ्या. परदेशी संचांची नोंद जगभर कुणी ना कुणी ठेवलीय, यांची फारशी कुणी ठेवलेली नाही.

पावसाळ्यात बुरशी येते. काय करायचं?

कोल्हापूरचा पाऊस चार महिने भिंती कोरड्या होऊ देत नाही. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवून ठेवू नका, मागे हात जाईल एवढी जागा सोडा. रेकॉर्ड आणि कॅसेट दोन्ही उभ्या ठेवा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधू नका, आतला ओलावा आतच राहतो. सिलिका जेल ठेवत असाल तर ते अधूनमधून बदलायला किंवा तापवून कोरडं करायला विसरू नका.

बुरशी आलेली कॅसेट यंत्रात घालायची नाही. एक घातली की यंत्र दूषित, आणि मग त्यात लावलेली प्रत्येक कॅसेट दूषित. ती वेगळी काढा, कोरड्या जागी ठेवा, तोंडाला मास्क लावून आणि घराबाहेर साफ करा.

पुराचं पाणी लागलं तर?

२०१९ आणि २०२१ नंतर हा प्रश्न दरवर्षी जूनमध्ये येतो. आधी टाळायची गोष्ट : राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. पूररेषेच्या भागात घर असेल तर ३९ ची बातमी आली की खोकी वरच्या मजल्यावर न्यायची. ४३ ची वाट बघायची नाही.

भिजलंच, तर व्हिनाइलची, म्हणजे प्लास्टिकच्या रेकॉर्डची, फार काळजी नको. वेष्टनातून लगेच बाहेर काढा, स्वच्छ पाण्यानं धुवा, लेबल भिजू न देता उभी वाळवा. जुन्या ७८ च्या लाखेच्या रेकॉर्डवर मात्र स्पिरिट कधीही लावू नका, लाख त्यात विरघळते. कव्हर एकमेकांना चिकटण्याआधी सुटी करून मधे टीपकागद घाला.

कॅसेटवरचा गाळ वाळू देऊ नका. वाळला की दगड होतो. व्हीएचएसच्या खोक्याला खाली पाच स्क्रू असतात, ते काढून रिळं बाहेर घ्या, स्वच्छ पाण्यानं आणि शेवटी डिस्टिल्ड पाण्यानं धुवा, पंख्याच्या हलक्या वाऱ्यावर वाळवा. ऊन नको, हेअर ड्रायर तर अजिबात नको. वाळल्यावर दुसऱ्या चांगल्या खोक्यात रिळं बसवा. पहिल्यांदा चालवताना संगणकावर उतरवूनच घ्या, दुसरी संधी मिळेल याची खात्री नसते.

व्हीसीआरचं हेड कसं साफ करायचं?

कापसाच्या बोळ्यानं नाही, त्याचे तंतू हेडच्या बारीक टोकात अडकतात. शॅमॉय चामड्याचा तुकडा किंवा तंतू न सुटणारा कागद आयसोप्रोपिल अल्कोहोलनं ओला करा, ड्रमला हलकेच टेकवून स्थिर धरा आणि दुसऱ्या हातानं ड्रम वरून फिरवा. कागद वरखाली घासला की हेड तुटलं म्हणून समजा. पूर्ण वाळल्याशिवाय कॅसेट घालू नका.

संगणकावर उतरवून घेतलं की मूळ कॅसेट टाकून दिली तर चालेल?

नको. उतरवणं हा त्या दिवशी त्या यंत्रानं केलेला प्रयत्न असतो. पुढं चांगला व्हीसीआर किंवा चित्र स्थिर करणारं टाइम बेस करेक्टर यंत्र हाती आलं, तर त्याच कॅसेटमधून जास्त निघतं. उतरवताना ७२० बाय ५७६ या पूर्ण आकारात, शक्य असेल तर एस-व्हिडिओच्या वायरनं आणि दाबून लहान न करता साठवा. दोन प्रती, दोन वेगळ्या घरांत. त्या स्वतःसाठी आणि जतनासाठी ठेवा, इंटरनेटवर वाटत सुटू नका. हक्क ज्यांचे त्यांचेच असतात.

लहान मुलांना यात गोडी लागते का?

लागते. पण ‘आमच्या वेळी’ असं सुरू करू नका. सात इंची रेकॉर्ड त्यांच्या हातानं लावू द्या, सुई त्यांना ठेवू द्या आणि पान उलटायचं काम त्यांचंच. सुई महाग असेल तर साधं कार्ट्रिज लावून द्या.

वडिलांचा संग्रह आहे, आम्हाला त्यातलं काही कळत नाही. रद्दीवाल्याला देण्याआधी काय करावं?

आधी फोटो काढा : कपाट आहे तसं, मग एकेका वस्तूच्या पुढचा-मागचा. हातानं लिहिलेली कॅसेटची लेबलं आणि वही असेल तर ती जपून ठेवा. कुठली कॅसेट कधी, कुठून भरली ते तिथंच सापडतं. सिनेमाच्या फिल्मची रिळं असतील आणि डबा उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला, तर ती बाकीच्यांपासून लगेच लांब ठेवा आणि पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाकडे विचारणा करा.

विकायचं असेल तर यंत्र आणि रेकॉर्ड वेगळ्या गिऱ्हाइकांना देऊ नका. टर्नटेबलसोबत त्याचा ट्रान्सफॉर्मर, जादा बेल्ट, आणि कुणी उद्यमनगरातून घासून आणलेली पुली असेल तर तीही त्याच खोक्यात घाला आणि वर लिहा कशासाठी आहे ते. व्हीसीआरचा रिमोट बहुधा टीव्हीच्या रिमोटांच्या ढिगात असतो, तिथं बघा.